ओपन सोर्समध्ये यायचंय? मग आधी एकच प्रोजेक्ट धरा आणि तिथं टिका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी ॲडमिशनचे दिवस आले की तुमच्या पेपरात कॉम्प्युटर ब्रँचचा कटऑफ किती लागला, कुणाला किती पॅकेज मिळालं अशा बातम्या सुरू होतात. त्या वाचताना दरवेळी वाटायचं की एक गोष्ट लिहून कळवावी, ती आज लिहिते. मी सांगलीत विश्रामबागला राहते, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते आणि उरलेल्या वेळात काही ओपन सोर्स प्रोजेक्टवर विनामोबदला काम करते. त्यामुळं इस्लामपूर, तासगाव, कराड, अगदी वाई-फलटणची पोरंपोरी ओळखीनं विचारत येतात, मॅडम आम्हाला पण ओपन सोर्समध्ये काम करायचंय, कुठनं सुरू करू? आणि जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात एकच पक्कं बसलेलं असतं, की आधी कोडिंग भारी आलं पाहिजे, दोन-तीन लँग्वेज झाल्या पाहिजेत, मगच तिकडं बघायचं. तर हे उलटं आहे हो. आधी एखादं सॉफ्टवेअर रोज वापरा, त्यात काय खटकतं ते बघा, ते नीट लिहून कळवा, आणि मग त्या एकाच प्रोजेक्टला धरून राहा, कोडिंग त्यातनंच येतं.

ज्या वाचकांना ओपन सोर्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड सगळ्यांना बघता येतो, बदलता येतो, पुढं वाटता येतो आणि लायसन्सच तशी परवानगी देतं, ते ओपन सोर्स. हेलसिंकीच्या युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात केली तेव्हा तो २१ वर्षांचा होता, आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या बुडाशी तोच लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, चालतो. पुढं २००५ मध्ये त्यानंच गिट लिहिलं, ज्याच्यावर आज जगभरातले प्रोग्रामर एकमेकांचा कोड जुळवतात. आपल्याकडं गावात इर्जिक असायचं ना, सगळ्यांनी बैल घेऊन एकाच्या रानात जायचं आणि दिवसात नांगरट उरकायची, तसंच हे काम चालतं, फक्त इथं माणसं एकमेकांना कधी भेटलेली नसतात.

आता प्रत्यक्ष उदाहरणच सांगते म्हणजे माझं म्हणणं कळेल. तासगाव तालुक्यातली एक मुलगी, डिप्लोमाला होती, जावा ही लँग्वेज आणि थोडं कोटलिन येत होतं, तेवढंच. घरी द्राक्षबाग. एक्स्पोर्टच्या मालाला फवारणीची नोंद ठेवावीच लागते, आणि तिनं वडलांच्या फोनमध्ये नोंदी ठेवायचं एक छोटं ओपन सोर्स ॲप टाकून दिलं होतं. वडलांची तक्रार एकच, की "दुसऱ्या" असा शब्द टाकून शोधलं की दुसऱ्या फवारणीच्या निम्म्याच नोंदी येतात, बाकीच्या डोळ्यांसमोर असून सापडत नाहीत. तिला आधी वाटलं वडलांचं कायतरी चुकतंय. मग बसून बघितलं तेव्हा लक्षात आलं की जुन्या फोनवर केलेल्या नोंदी तेवढ्याच सापडत नाहीयेत, आणि जुन्या फोनला कीबोर्ड वेगळा होता.

गंमत अशी आहे की "दुसऱ्या" मधला "ऱ्य" दोन तऱ्हेनं टाईप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी खाली टिंबवाला र, म्हणजे "ऱ" हे वेगळं अक्षर वापरतात, काही कीबोर्ड साधा र, मग हलंत आणि त्याच्यामागं एक न दिसणारं चिन्ह टाकतात, त्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखं दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक नंबर देणारी पद्धत, तिचं एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं जुळवायचं जे नेहमीचं नॉर्मलायझेशन असतं ते सुद्धा या दोघांना एक करत नाही.

तिनं काय केलं, लगेच कोड लिहायला नाही बसली, तिनं इश्यू लिहिला, म्हणजे प्रोजेक्टच्या साईटवर सगळ्यांना दिसेल अशी तक्रार नोंदवली. काय टाईप केलं, काय दिसायला पाहिजे होतं, काय दिसलं, फोन कुठला, ॲपचं व्हर्जन कितवं, आणि दोन्ही तऱ्हेनं लिहिलेला शब्द, त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या युनिकोड नंबरासकट. इंग्रजी साधंच, छोटी छोटी वाक्यं. ज्या माणसाचं ते ॲप होतं तो परदेशातला, त्याला देवनागरी वाचता येत नाही, पण नंबर बघून त्याला पाच मिनिटांत मुद्दा कळला आणि त्यानं उलट विचारलं, की अशी अजून काही अक्षरं आहेत का? मग तिनं शोधून सांगितलं की "ॲ" चं पण तसंच आहे, "ॲसिड" मधला ॲ काहीजण एकच अक्षर म्हणून टाईप करतात, काहीजण अ वर चंद्र देतात. हे त्या माणसाला जन्मात कळलं नसतं. आणि नीट विचार केला तर हे सांगायला कुठली भारी लँग्वेज यायला लागते? मराठी यायला लागते आणि बारीक बघायला लागतं.

त्यानंतर मात्र तिनं कोड लिहिला. पहिल्या वेळी नोंदी साठवतानाच अक्षर बदलून टाकलं होतं, रिव्ह्यूत, म्हणजे कोड तपासताना, ॲपवाल्या माणसानं सांगितलं की लोकांनी लिहिलेल्या मूळ नोंदीला हात लावायचा नाही, फक्त शोधताना दोन्हीकडची अक्षरं एकाच रूपात आणायची आणि मग तुलना करायची. बरोबरच आहे, दुसऱ्याच्या डेटाला गुपचूप बदलायचं नसतं, पण हे कॉलेजात कुणी शिकवलेलं नसतं, ते असं कामातच कळतं. तिनं परत लिहून पाठवलं, सोबत टेस्ट, म्हणजे बदल बरोबर चालतोय का ते आपोआप तपासणारा कोड, लिहिल्या, शेवटी खरा बदल आठ-दहा ओळींचा आणि टेस्ट त्याहून मोठ्या. मर्ज झालं, म्हणजे तो बदल मूळ ॲपमध्ये घेतला गेला. आज ते ॲप वापरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाचं शोधणं सुधारलंय, आणि त्या मुलीला टेस्ट म्हणजे काय, रिव्ह्यू म्हणजे काय, युनिकोड म्हणजे काय हे एका कामात समजलं. मुलाखतीत तिला यावर विचारलं तर ती अर्धा तास बोलू शकते आणि त्यातला शब्दन् शब्द खरा असेल.

याच्या बरोब्बर उलटं जे चालतं त्याच्याबद्दल पण लिहायलाच पाहिजे कारण त्यानं आपल्या पोरांचं नाव खराब होतंय. हॅक्टोबरफेस्ट म्हणून एक उपक्रम आहे, २०१४ पासून दर ऑक्टोबरात असतो, ठरावीक पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल प्रोजेक्टमध्ये घ्या अशा विनंत्या, पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये इतक्या बिनकामाच्या पुल रिक्वेस्ट आल्या, कुणी रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फाईलमध्ये "अमेझिंग प्रोजेक्ट" एवढंच घालतंय, कुणी एक स्पेस वाढवतंय, की शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचाय तेवढेच मोजायचे असं ठरलं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस नावाच्या जावास्क्रिप्टच्या प्रसिद्ध प्रोजेक्टवर तेच झालं, एका शिकवणीच्या व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी करायची हे दाखवायला तो प्रोजेक्ट घेतला होता आणि बघणाऱ्या पोरांनी रीडमीमध्ये आपापली नावं घालून पाठवायचा सपाटा लावला. पोरांचा हेतू वाईट नसतो, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की पलीकडं एक माणूस बसलाय आणि प्रत्येक पुल रिक्वेस्ट त्याला उघडून वाचावी लागते. तसंच ते "प्लीज असाइन मी धिस इश्यू". एकाच दिवशी दहा प्रोजेक्टवर हे लिहून येतात आणि परत फिरकत नाहीत. असं करू नका. ज्यांना काम करायचंय त्यांनी आधी तो बग, म्हणजे दोष, आपल्या मशीनवर दिसतोय का ते बघावं आणि लिहावं, की मला पण दिसला, अशा अशा फाईलमध्ये कारण असावं असं वाटतंय, मी बघू का. बघा मग लोक कसं उत्तर देतात.

हे सांभाळणारे जे लोक असतात, मेंटेनर म्हणतात त्यांना, ते बहुतेक वेळा नोकरी करून, घरचं बघून हे करतात, आणि कित्येक ठिकाणी सगळा भार एकट्या माणसावर असतो. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्सचं प्रकरण झालं ते वाचकांनी ऐकलं असेल. फाईली दाबून छोट्या करायचं ते सॉफ्टवेअर, जवळजवळ सगळ्या लिनक्समध्ये असतं, आणि बरीच वर्षं एक माणूस ते एकटा सांभाळत होता. मदतनीस म्हणून आलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरवाट घालून ठेवली. ती सापडली कशी तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला जाणवलं की आपल्या मशीनवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, आणि त्यानं ते सोडून न देता खोदून बघितलं. अर्धा सेकंद! म्हणून नवीन पोरांना मी सांगते, तुमची पहिली पुल रिक्वेस्ट आठवडाभर कुणी बघितली नाही तर नाराज होऊ नका, तुमच्यावर विश्वास बसायला वेळ लागणार आणि तो लागलाच पाहिजे, आणि कायतरी विचित्र दिसलं तर "असेल काहीतरी" म्हणून पुढं जाऊ नका.

आता जरा कामाचं. आपल्याकडच्या पोरांकडं लॅपटॉप बहुतेक चार नाहीतर आठ जीबी रॅमचा असतो, भावाबहिणीत मिळून एक. त्यावर फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिस सारखं मोठं प्रोजेक्ट बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायला, घेतलं तर तासन् तास जातात आणि पोरगं पहिल्याच दिवशी हात टेकतं. म्हणून छोटं प्रोजेक्ट घ्या, ज्याचा कोड एका रविवारी वरवर तरी वाचून होईल असं. जिवंत आहे का ते बघा, म्हणजे गेल्या महिन्या-दोन महिन्यांत काही मर्ज झालंय का, नवीन माणसाच्या प्रश्नाला नीट उत्तर दिलंय का खेकसलेत. रीडमी आणि कॉन्ट्रिब्युटिंग (काम कसं पाठवायचं ते सांगणारी) या दोन फाईली पूर्ण वाचा, लायसन्स कुठलंय ते बघा. "गुड फर्स्ट इश्यू" असं लेबल लावलेली कामं असतात, चांगली असतात, पण नावाजलेल्या प्रोजेक्टवर त्याला लगेच माणसं चिकटतात, त्यामुळं तेवढ्यावरच अवलंबून राहू नका. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट वाचून, कुणी काय पाठवलं, रिव्ह्यूत काय म्हणाले, का नाकारलं, हे सगळं तिथं उघडं पडलेलं असतं, फुकट, आणि कुणीच वाचत नाही.

मग प्रोजेक्ट फोर्क करायचं म्हणजे आपल्या खात्यात त्याची नक्कल घ्यायची, ती आपल्या मशीनवर क्लोन करायची म्हणजे उतरवायची, नवीन ब्रँच म्हणजे बदलासाठी वेगळी फांदी काढायची, बदल करायचा, कमिट म्हणजे त्याची नोंद, पुश म्हणजे तो परत आपल्या खात्यात चढवणं आणि पुल रिक्वेस्ट. एवढं गिट एका आठवड्यात येतं, आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीत दोघांचे वेगळे बदल, आला म्हणून रडायचं काही कारण नाही, तो सगळ्यांना येतो. आणि हो, रीडमीप्रमाणं करताना ते चाललं नाही, विंडोजवर एखादी कमांड वेगळी द्यावी लागली, तर तेच तुमचं पहिलं काम आहे! जुन्या माणसांना त्या पायऱ्या पाठ असतात, त्यात काय तुटलंय ते त्यांना दिसतच नाही, नवीन आलेल्यालाच दिसतं, तर ते दुरुस्त करून पाठवा.

इंग्रजीची भीती हा मोठा अडसर आहे, विशेषतः मराठी मीडियमच्या मुलांना, मी पण मराठी शाळेचीच. तिथं व्याकरणाला कुणी मार्क देत नाही, जर्मनीचा, ब्राझीलचा, जपानचा माणूस पण मोडकंतोडकंच लिहितो. फक्त प्रश्न सगळ्यांसमोर विचारा, खासगी मेसेज पाठवून "सर हेल्प" म्हणू नका, कारण सगळ्यांसमोर मिळालेलं उत्तर पुढच्याच्या पण उपयोगी पडतं. आणि एआयकडनं कोड लिहून घेऊन तो आपल्याला न कळता तसाच पाठवू नका अशी हात जोडून विनंती आहे. इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या कर्ल या प्रोजेक्टचे डॅनियल स्टेनबर्ग एआयनं लिहिलेल्या खोट्या बग रिपोर्टांना वैतागून जाहीरपणे लिहितायत, जेंटू लिनक्सनं तर २०२४ मध्ये एआयनं लिहिलेलं काम घेणंच बंद केलं. समजून घ्यायला एआय वापरा की, कुणी नको म्हणत नाही, पण रिव्ह्यूत "ही ओळ का लिहिली" विचारलं तर उत्तर तुमचं तुम्हाला देता आलं पाहिजे.

ज्यांना अजून कोडिंग येतच नाही त्यांच्यासाठी सुद्धा काम पडलंय, आणि ते आपलंच काम आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणं मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत, २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, सगळ्यांना आनंद झाला, मला पण झाला. पण भाषा फोनात आणि कॉम्प्युटरवर नीट चालावी यासाठी बसून काम करणारी माणसं फार थोडी आहेत. फायरफॉक्सचं मराठी भाषांतर पाँटून नावाच्या साईटवर होतं, विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो त्याचं ट्रान्सलेटविकीवर होतं, तिथं एकेक वाक्य घेऊन बसता येतं, एसटीत बसून मोबाईलवर पण होतं. मराठीचा "ल" आणि "श" हिंदीपेक्षा वेगळा काढतात, काही फाँट मराठी निवडलं की तो बरोबर दाखवतात, काही नाही दाखवत, ते तपासून कळवणं हे सुद्धा काम आहे. केरळनं बघा, स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंग हा गट २००२ पासून फाँट, टायपिंग, भाषांतर सगळं करतोय, आणि तिथल्या सरकारी शाळांत मुलं मुक्त सॉफ्टवेअरवरच कॉम्प्युटर शिकतात. आपल्याला का जमू नये मला खरंच कळत नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हे अजून एक. २००४ मध्ये सुरू झालेला जगाचा नकाशा, कुणालाही भर घालता येते. २०१९ ला आणि परत २०२१ ला पूर आला तेव्हा आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघत आपण सगळे जागे होतो, आणि ग्रुपवर सतत एकच विचारणा, कुठला रस्ता चालू आहे, अमक्या वस्तीला मागच्या बाजूनं जाता येतं का. बाहेरून मदतीला आलेल्या माणसाला आपले मळे, वस्त्या, पाणंद रस्ते कुठल्या नकाशावर सापडणार? ते आपणच भरू शकतो, भिलवडीच्या, औदुंबरच्या, हरिपूरच्या पोरांना जे माहीत आहे ते उपग्रहाच्या फोटोवरनं कुणाला कळणार नाही. पूर यायच्या आधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचं काम आहे हे.

पैशाचं पण बोलते, कारण घरचे विचारणारच, फुकट काम करून काय मिळणार? सगळंच फुकट नसतं. गुगल समर ऑफ कोड हा नवख्यांना ओपन सोर्सचं काम देणारा गुगलचा उपक्रम २००५ पासून चालू आहे, निवड झाली की मानधन मिळतं, आणि २०२२ पासून विद्यार्थीच पाहिजे अशी अट राहिली नाही, १८ वर्षं पूर्ण झालेला कुणीही नवखा अर्ज करू शकतो. आउटरीची म्हणून आहे, ज्यांना या क्षेत्रात कमी संधी मिळते त्यांच्यासाठी, वर्षातनं दोनदा, घरी बसून इंटर्नशिप आणि सात हजार डॉलर मानधन. ज्या मुलींना शिकून सुद्धा पुण्याला पाठवायला घरचे तयार नसतात त्यांच्या आईवडलांनी हे जरूर वाचावं. पण दोन्हीकडं एक गोष्ट सारखी आहे, अर्ज करायच्या आधी त्या प्रोजेक्टवर तुमचं काही काम दिसावं लागतं, आउटरीचीत तर ती अटच आहे. म्हणजे फिरून मी तिथंच येते, एकच प्रोजेक्ट धरा आणि तिथं राहा. पन्नास ठिकाणी एकेक स्पेलिंग दुरुस्त करणाऱ्यापेक्षा वर्षभर एका ठिकाणी दिसणारं पोरगं मेंटेनरच्या लक्षात राहतं.

आता कॉलेजवाल्यांना विनंती आहे आणि ती मनापासून आहे. शेवटच्या वर्षाला जे प्रोजेक्ट होतात त्यातले बरेच विकत आणलेले असतात हे सरांना माहीत असतं, पोरांना माहीत असतं, आईबापांना पैसे द्यावे लागतात म्हणून त्यांना पण माहीत असतं. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम दरवर्षी नव्यानं "बनते" आणि एक लायब्ररी ती वापरत नाही. त्याऐवजी एखाद्या चालू ओपन सोर्स प्रोजेक्टवर वर्षभर केलेलं काम फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून धरा. तपासणं सोपं आहे, कुणी कधी काय लिहिलं, रिव्ह्यूत काय झालं, तारखेसकट सगळं उघड्यावर असतं, विकत आणता येत नाही. मुंबईत बनलेलं ईआरपीनेक्स्ट आहे, पायथनमध्ये लिहिलेलं, पूर्ण ओपन सोर्स, हिशेब-स्टॉक सगळं त्यात आहे, आपल्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखान्यात ते पोरांनी बसवून दिलं आणि अडलं तिथं दुरुस्त करून मूळ प्रोजेक्टला पाठवलं तरी किती शिकतील. मर्ज झालं तरच मार्क असं मात्र करू नका, ते मेंटेनरच्या हातात असतं आणि मग पोरं त्याच्या मागं लागतील, इश्यू कसा लिहिला, रिव्ह्यूला उत्तर कसं दिलं, टेस्ट लिहिल्या का, यावर मार्क द्या.

आणि वाचनालयं, कॉलेजं, ज्यांच्याकडं हॉल आणि वाय-फाय आहे त्यांनी महिन्यातनं एक रविवार दुपारची जागा द्यावी. मोठं भाषण नको, प्रमुख पाहुणे नकोत. लॅपटॉप घेऊन यायचं, दोघात एक असला तरी चालेल, एक प्रोजेक्ट ठरवायचं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या मशीनवर चालू करून दाखवायचं. सांगली, मिरज किंवा इस्लामपूरला कुणी जागा देणार असेल तर तुमच्या पेपरमार्फत कळवावं, मी आणि माझ्यासोबत हे काम करणारे दोघं-तिघं येऊन बसायला तयार आहोत, मानधन नको.

आपली,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली